ब्रेट हार्टची सहा इंची फिगर : गॉगल सैल आहे, बाकी गडी पक्का

आधीच सांगते, ही फिगर मी लेकीसाठी घेतली असं घरी सांगितलंय आणि नवऱ्याने ते ऐकून नुसतं "हं" केलंय. लेक सहा वर्षांची, तिला ब्रेट हार्ट हा नव्वदच्या दशकातला टीव्हीवरचा पैलवान माहीत असायचं काही कारणच नाही, तो रिटायर झाला तेव्हा मी स्वतः दहावीला होते. सेलमध्ये दिसली, २,८९९ रुपये, तीन दिवस कार्टमध्ये ठेवली, काढली, परत ठेवली, आणि चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला घेऊन टाकली एकदाची. आता महिना झाला घरात आहे, रोज हातात घेतलीय, म्हणून म्हटलं नीट लिहावं, कारण घ्यायच्या आधी मी मराठीत कुणी काही लिहिलंय का शोधत होते तर काही मिळालं नाही आणि बाकीचे रिव्ह्यू सगळे "फास्ट डिलिव्हरी, नाइस प्रॉडक्ट" इथेच संपतात.

डिलिव्हरी फास्ट होती हो, पण खोका चेपलेला. एक कोपरा असा आत गेलेला की कुणीतरी त्यावर बसून चहा प्यायला असावा. आत बबल रॅप नाही, नुसता एक ब्राऊन कागद कोंबलेला. मला खोका जपून ठेवायचा नव्हता म्हणून चाललं, पण जे लोक बॉक्स न उघडता कपाटात लावतात त्यांनी ह्या सेलरकडून घेऊ नका, नाव मी इथे घेत नाही, पण घेताना सेलरचं रेटिंग बघा एवढंच सांगते. मी फोटो काढून तक्रार टाकली, "वी आर सॉरी" आलं, पुढे काही नाही.

आता वस्तू. गुलाबी-काळा पोशाख, काळं जॅकेट (काढता येतं), आरशासारखा गॉगल (हा पण काढता येतो, त्यावर पुढे बोलू, बोलावंच लागेल), आणि हाताचे पंजे दोन जोड, एक मुठी वळलेले आणि एक पकड घेणारे. बेल्ट नाही. पाच वेळा डब्ल्यूडब्ल्यूएफचा (टीव्हीवरच्या कुस्तीची अमेरिकन कंपनी, आताची डब्ल्यूडब्ल्यूई) चॅम्पियन झालेला माणूस आणि सोबत बेल्ट नाही, हे मला अजून पटलेलं नाही. लग्नाच्या अल्बमात नवरीच नाही तसं वाटतं.

पण चेहरा बघितला आणि मी बाकी सगळं माफ केलं. ह्या खेळण्यांमध्ये बहुतेकांचे चेहरे ओरडतानाचे असतात, तोंड वासलेलं, शिरा ताणलेल्या. ह्याचा तसा नाही. ओठ मिटलेले, केस ओले आणि चपचपीत खांद्यावर आलेले, आणि डोळ्यात ते जरासं वैतागलेलं शांतपण. ब्रेट असाच होता. फार बोलायचा नाही, माईकवर आला की जरा शाळेतले सर बोलतायत असं वाटायचं, पण रिंगमध्ये घंटा वाजली की बघत राहावं.

आता जरा मागे जाते, नाहीतर मी एका प्लॅस्टिकच्या बाहुल्यावर एवढं का लिहितेय ते कळायचं नाही.

आम्ही कराडला होतो. केबल आली आणि पाठोपाठ ट्रम्प कार्डं आली. ज्यांनी खेळलीत त्यांना सांगायला नको, रँक, हाईट, वेट, चेस्ट, बायसेप्स, फाइट्स. दादाकडे अख्खा गठ्ठा, रबर लावलेला, आणि तो मला मोजून कार्डं द्यायचा. वेट बोललं की योकोझुना खाऊन टाकणार, हाईट बोललं की अंडरटेकर उभाच. आणि माझ्या हातात हमखास ब्रेट. सहा फूट, दोनशे पस्तीस पाउंड. म्हणजे तुमच्या आमच्या हिशेबात चांगला धिप्पाड, पण त्या कार्डांमध्ये मधल्या बाकावरचा मुलगा. ना हाईट बोलता येते ना वेट. मी ते कार्ड कायम हरायचे आणि तरी मला तेच आवडायचं, आधी खरं सांगायचं तर गुलाबी रंगामुळे, एवढे सगळे काळे-पिवळे-रागीट लोक आणि त्यात एकजण बिनधास्त गुलाबी घालून येतो, मला ते फार भारी वाटायचं. दादा म्हणायचा बायकी आहे. मग मी टीव्हीवर नीट बघायला लागले आणि लक्षात आलं की हा ज्यात सगळ्यांच्या पुढे होता तो कॉलम कार्डावर छापलेलाच नाही.

सफाई. हाच तो कॉलम.

आमचे आबा जत्रेतल्या कुस्त्या बघणारे, फडाच्या कडेला तालीमवाल्यांमध्ये बसणारे, त्यांना हा प्रकार म्हणजे नुसता तमाशा वाटायचा. "ठरवून पडत्यात सगळी" असं म्हणून वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे. एकदा ब्रेटची मॅच लागली होती, आबांनी पेपर खाली घेतला आणि म्हणाले, "ह्यो मातर तालमीतला हाय. पाय बघ कसा घेतोय त्यो." तेव्हा मला काही कळलं नाही. पुढे मोठी झाल्यावर वाचलं तर आबा शंभर टक्के बरोबर. ब्रेटचा बाप स्टू हार्ट, कॅनडातल्या कॅलगरीचा, स्वतः पट्टीचा कुस्तीगीर आणि स्टँपीड रेसलिंग नावाची कंपनी चालवायचा. घराच्या तळघरात तालीम, तिला सगळे डंजन म्हणायचे, तिथे स्टू नव्या पोरांना अशा पकडीत धरायचा की किंकाळ्या वर स्वयंपाकघरापर्यंत जायच्या. बारा भावंडं, ब्रेट त्यातला आठवा, ओवेन सगळ्यात धाकटा. ब्रेट शाळेत असताना खरी कुस्ती खेळायचा, मॅटवरची, आणि जिंकायचासुद्धा. म्हणजे आबांना पाय घेण्यावरून जे दिसलं ते खोटं नव्हतंच.

फिगरकडे परत. जॉइंट एकदम मस्त आहेत. मी मोजले नाहीत पण गुडघा पूर्ण मागे दुमडतो, कंबर फिरते, घोटा तिरका होतो, खांदा वर जातो. एक जागा मात्र कच्ची, डावं कोपर, ते वाकवलं की हळूहळू आपोआप सरळ होतं, जसं काही गडी कंटाळला. छातीजवळ एक जॉइंट आहे त्यामुळे तो पुढे झुकतो, आणि हे फार महत्त्वाचं आहे, का ते सांगते. ब्रेटला समोरच्याने कोपऱ्यात फेकला की बाकी सगळे पाठ लावायचे, हा छातीने जाऊन आपटायचा. धाड. पॅडवर छाती, मग मागे कोसळणार. दादा आणि मी ते कपाटावर करून बघितलं होतं आणि दादाची हनुवटी फुटली होती, टाके पडले, आईने आठवडाभर टीव्हीची वायर काढून ठेवली. तर मी ह्या फिगरला पुस्तकाच्या कपाटाच्या कोपऱ्याला छातीने टेकवून ठेवलं, बरोब्बर ती पोझ येते! ज्याने कुणी हा जॉइंट काढला त्याने मॅचेस बघितल्यात नक्की.

मग मुख्य परीक्षा. शार्पशूटर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, समोरचा पाठीवर पडलेला असतो, त्याचे दोन्ही पाय धरायचे, आपला एक पाय मध्ये घालायचा, त्याच्या पायांची आपल्या पायाभोवती अढी घालायची, ती काखेत धरायची आणि मग त्याच्यावरून पलीकडे पाय टाकून त्याला पालथा करायचा आणि मागे बसायचं. कंबर आणि गुडघे दोन्ही जातात. आहे मूळ जपानी रेसलिंगमधला डाव पण जगाला माहीत झाला ब्रेटमुळे. आता सहा इंची बाहुल्याकडून हे करून घ्यायचं म्हणजे समोर दुसरा बाहुला पाहिजे. पहिल्यांदा लेकीचा जत्रेतला रबरी पैलवान घेतला, त्याचे पाय वाकतच नाहीत, दोघं नुसते एकमेकांवर रेलून उभे, जणू लोकलमध्ये. मग तिचा स्पायडरमॅन घेतला. पंधरा मिनिटं लागली, नवरा दारातून बघून गेला, काही बोलला नाही. आणि बसला! ब्रेट मागे झुकलेला, स्पायडरमॅन पालथा, हात पुढे पसरलेले. पकडीचे पंजे ह्यासाठीच दिलेत. फक्त तो डावा हात सुटतो, त्याला मी केसाला लावायचा छोटा रबर लावलाय आणि तो दिसत नाही.

फोटो काढून दादाला पाठवला. दादाचा लगेच रिप्लाय, "पाय उलटा घातलायस." मग व्हिडिओ कॉल करून त्याने स्वतःच्या पायावर दाखवलं, पंचेचाळिशीचा माणूस, नाशिकच्या फ्लॅटमध्ये, वहिनी मागून पोळ्या लाटतेय. बरोबर होतं त्याचं. पाय बदलला तर पकड अजून घट्ट बसली.

तर हा डाव लावून मी तशीच ती जोडी दोन दिवस टेबलावर ठेवली आणि येता जाता बघत होते, आणि त्याच्याबरोबर अख्खं करिअर डोक्यात फिरत होतं, कारण ब्रेटचं सगळं चांगलं आणि सगळं वाईट ह्याच एका डावाभोवती आहे म्हटलं तरी चालेल.

१९८४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मालकाने, व्हिन्स मॅकमॅहनने, स्टूची कंपनी घेतली आणि ब्रेट डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आला. सुरुवातीची बरीच वर्षं टॅग टीम, म्हणजे जोडीने खेळायचं, मेहुणा जिम नाइडहार्टबरोबर हार्ट फाउंडेशन, दोनदा टॅग चॅम्पियन. मेहुण्यांचा ह्या घराला सुकाळ होता, बहिणींची लग्नंच पैलवानांशी झालेली. मग १९९१ च्या समरस्लॅमला (वर्षातला एक मोठा शो) मिस्टर परफेक्टला हरवून इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट, म्हणजे मुख्य बेल्टच्या खालचा, तोही शार्पशूटरवर, आणि मिस्टर परफेक्टची पाठ तेव्हा खरीच गेलेली होती, तरी तो आला आणि लढला. पुढच्या वर्षीचा समरस्लॅम लंडनला, वेम्बली स्टेडियम, ऐंशी हजारांवर लोक, आणि शेवटची मॅच कुणाची तर ब्रेट विरुद्ध ब्रिटिश बुलडॉग, परत मेहुणा! ब्रेटने नंतर सांगितलंय की मॅच सुरू झाल्यावर बुलडॉगला ठरलेलं काही आठवेना, कोरा झाला, आणि ब्रेटने पंचवीस मिनिटं कानात सांगत सांगत ती पार पाडली. आणि शेवटी हरला स्वतः. हे माहीत झाल्यावर ती मॅच परत बघा. बुलडॉग हिरो वाटतो, घाबरलेला माणूस वाटत नाही. ह्याला मी सफाई म्हणते, की समोरचा आहे त्यापेक्षा मोठा दिसला पाहिजे आणि त्याला लागलं पण नाही पाहिजे.

दोन महिन्यांत, १२ ऑक्टोबर १९९२ ला, कॅनडातल्या सॅस्काटून गावात रिक फ्लेअरला हरवून पहिल्यांदा चॅम्पियन. गंमत म्हणजे टीव्हीवर ही मॅच दाखवलीच नव्हती, लोकांना एकदम कळलं की बेल्ट बदललाय. आज असं झालं तर पाच मिनिटांत पाचशे रील येतील.

आणि १९९४. रेसलमेनिया १० (कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो), न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. इथे मी जरा थांबणार आहे. पहिलीच मॅच भावाभावांची, ब्रेट आणि ओवेन. ओवेन धाकटा, कायम दादाच्या सावलीत, शेवटी चिडून उलटलेला, अशी कथा. आणि ओवेन जिंकतो. सरळ, स्वच्छ, मधेच डाव पलटवून चितपट. त्याच रात्री शेवटी ब्रेट योकोझुनाला हरवून चॅम्पियन होतो, सगळे त्याला खांद्यावर घेतात आणि ओवेन वाटेत उभा राहून बघतो. बस. एक शब्द नाही. आमच्या घरी दादा कायम ब्रेट व्हायचा कारण तो मोठा आणि मला ओवेन व्हायला लागायचं, गादीवर, उशा बाजूला करून. ती मॅच बघितल्यावर आठवड्याभरात मी दादाला गादीवर चित केला, एक दोन तीन आईने मोजलं, आणि तो दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. मला ब्रेट आवडायचा पण त्या दिवशी ओवेन असण्यात काय मजा होती ते सांगता येत नाही.

म्हणून मला खरंतर दोघं पाहिजे होते, कपाटावर शेजारी शेजारी. तर ह्यावरून एक माहिती देते, ओवेन डब्ल्यूडब्ल्यूईच्या नव्या खेळण्यांमध्ये शोधत बसू नका. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेनला छतावरून दोरीने खाली आणायचा स्टंट होता, आकडा सुटला आणि तो रिंगमध्ये पडून गेला. चौतीस वर्षांचा होता. शो तसाच पुढे चालू ठेवला. त्याच्या बायकोने, मार्थाने, त्यानंतर त्या कंपनीने ओवेनचं नाव वापरून धंदा करायला कायम विरोध केलाय, हॉल ऑफ फेमलाही नाही म्हणते, आणि २०२१ मध्ये तिने एईडब्ल्यू ह्या दुसऱ्या कंपनीबरोबर करार केला, तिथे ओवेनच्या नावाने स्पर्धा होते दरवर्षी. ब्रेटला हे मार्थाचं वागणं पटत नाही, त्याला वाटतं भावाची आठवण लोकांपर्यंत पोचली पाहिजे. मला दोघांचंही पटतं आणि त्यामुळे माझ्या कपाटावर ब्रेट एकटा आहे.

मधलं भराभर सांगते. १९९६ ला शॉन मायकल्सबरोबर साठ मिनिटांची आयर्न मॅन मॅच, म्हणजे ठरलेल्या वेळात ज्याचे गुण जास्त तो जिंकला, आणि साठ मिनिटांत एकही गुण नाही, जादा वेळात शॉन जिंकला. लोक ह्या मॅचला फार मानतात, मला मधली वीस मिनिटं अजूनही लांबतात, मारा दगड. त्यापेक्षा २३ मार्च १९९७, रेसलमेनिया १३, स्टोन कोल्ड ऑस्टिन. ऑस्टिन शार्पशूटरमध्ये अडकलेला, कपाळातून रक्त दातांवर येतंय, ओरडतोय पण हार म्हणत नाही, आणि शेवटी शुद्ध हरपते. ब्रेट जिंकतो आणि सोडत नाही, मारतच राहतो. मॅच सुरू झाली तेव्हा ब्रेट हिरो आणि ऑस्टिन व्हिलन, संपली तेव्हा उलटं. लोकांनी ऑस्टिनला डोक्यावर घेतला तो कायमचा. पुढची पाच वर्षं ज्या माणसावर कंपनी चालली त्याला ब्रेटने एका रात्रीत उभा केला, स्वतः शिव्या खाऊन. कुठल्या कार्डावर आहे ह्याचा कॉलम?

आणि त्याच वर्षी ९ नोव्हेंबर, मॉन्ट्रियल. कंपनीची पैशांची ओढाताण, ब्रेटचा वीस वर्षांचा करार झालेला तो परवडेना, व्हिन्सनेच सांगितलं दुसरीकडे बघ, म्हणून तो डब्ल्यूसीडब्ल्यू ह्या स्पर्धक कंपनीकडे निघालेला. जायच्या आधी बेल्ट सोडायचा, ह्याला त्याची ना नव्हती, फक्त कॅनडात आणि शॉनसमोर नको म्हणत होता, दोघांचं पडद्यामागे अजिबात पटत नव्हतं. ठरलं की मॅच गोंधळात संपवायची, बेल्ट नंतर सोडायचा. मॅचमध्ये शॉनने ब्रेटचाच शार्पशूटर ब्रेटला लावला, ठरल्याप्रमाणे, ब्रेट त्यातून सुटायला लागला आणि व्हिन्स रिंगच्या बाजूला उभा राहून ओरडला, घंटा वाजवा. ब्रेटने हार मानलेली नव्हती. रेफ्री अर्ल हेब्नर रिंगमधून उडी मारून पळाला. ब्रेट व्हिन्सच्या तोंडावर थुंकला, हवेत बोटाने डब्ल्यूसीडब्ल्यू लिहिलं, आणि आत जाऊन त्याला एक ठोसा दिला, तो मात्र खरा.

आबा म्हणायचे ठरवून पडतात. हो ना आबा, ठरवूनच, पण एकाने ठरलेलं मोडलं तर काय होतं ते ह्या मॅचमध्ये आहे. सगळा धंदा विश्वासावर उभा, आपलं अंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं, आणि विश्वास मोडला तो मालकानेच.

टेबलावर जी जोडी होती ना, मी ती एकदा उलटी करून बघितली, ब्रेट खाली आणि स्पायडरमॅन वर. जमते ती पोझ. मग लगेच सोडवली, उगाच कशाला.

डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये वर्षाला लाखो डॉलर आणि काम काही नीट नाही. १९ डिसेंबर १९९९ ला गोल्डबर्गची लाथ डोक्याला लागली, मेंदूला मार बसला, ते न समजता पुढचे काही आठवडे खेळत राहिला आणि २००० साली करिअर संपलं. जो माणूस अभिमानाने सांगतो की मी कुणाला जायबंदी केलं नाही, त्याचं करिअर दुसऱ्याच्या निष्काळजी लाथेने संपलं. २००२ मध्ये सायकलवरून पडला, पाठोपाठ स्ट्रोक, डावी बाजू गेली, व्हीलचेअर, महिनोन् महिने फिजिओ. माझ्या सासऱ्यांचं असंच डाव्या बाजूचं झालं होतं, कपाचा कान धरायला शिकायला चार महिने, म्हणून हे वाचताना मला ठोशांपेक्षा ते जास्त दिसतं. (आणि हो, फिगरचा डावा हात सैल आहे, माझ्या डोक्यात ते आलंच, पण तो कारखान्याचा दोष आहे, उगाच अर्थ काढत नाही.)

२००६ ला हॉल ऑफ फेम. ४ जानेवारी २०१० ला बारा वर्षांनी डब्ल्यूडब्ल्यूईच्या दर आठवड्याच्या रॉ ह्या शोमध्ये परत, शॉन समोर, दोघं बोलले, आणि मिठी. मी ते ऑफिसात हेडफोन लावून बघितलं होतं, डोळ्यात पाणी आलं तर बाजूची म्हणाली अॅप्रेझल का? नंतर रेसलमेनिया २६ ला त्याने व्हिन्सला शार्पशूटरमध्ये धरून हरवलं, मॅच म्हणून ती रद्दी आहे, ब्रेटला तब्येतीमुळे आपटून घेता येत नव्हतं, नुसती धुलाई चालते, पण हिशेब पूर्ण व्हायचा होता तो झाला.

आता तो गॉगल. राहिलाच होता. मूळ गोष्ट अशी की रिंगमध्ये जायच्या आधी ब्रेट खाली उतरायचा आणि पुढच्या रांगेतल्या एखाद्या पोराच्या डोळ्यांवर स्वतःचा गॉगल लावायचा. दरवेळी. घरी बसून बघणारं प्रत्येक पोर आपण तिथे आहोत असं समजायचं, मी तर सोफ्याच्या अगदी कडेला सरकून बसायचे. म्हणून गॉगल हा ह्या फिगरचा जीव आहे आणि नेमका तोच सैल. नाकावर ठेवला की मान हलवल्याबरोबर पडतो. एवढासा तुकडा, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा थोडा मोठा, पांढऱ्या फरशीवर पडला की गुडघ्यावर बसून शोधा. दोन वेळा झाडूत गेला. मावशींनी एकदा सुपलीतून काढून दिला, "हे काय नखाचं हाय का?" थोडं ब्लू टॅक (चिकट पुट्टी) लावलं की टिकतो पण मग काढता येत नाही, आणि काढता येत नसेल तर काय उपयोग.

जॅकेटची शिलाई बरी आहे, काढताना हात आधी मुठीवाले लावा म्हणजे अडकत नाही. रंग कुठे उडालेला नाही, बुटाच्या कडेला गुलाबीचा एक ठिपका काळ्यावर आलाय, जवळून बघितलं तरच. उभा छान राहतो, स्टँड लागत नाही. लहान मुलांना द्यायची असेल तर सहाच्या खाली नको, त्या गॉगलमुळे.

मागच्या रविवारी गॉगल परत गायब. झाडू लावलेला नव्हता, मावशी सुट्टीवर. सोफा ओढला, कपाट ओढलं, नवऱ्याला पण वाकायला लावलं. दुसऱ्या दिवशी लेकीच्या पसाऱ्यात तिची कापडी बाहुली दिसली, टक्कल पडलेली, एक डोळा निघालेली, आणि तिच्या तोंडावर सेलोटेपने चिकटवलेला तो गॉगल. मी विचारलं हा इथे कसा, तर म्हणाली, "त्या अंकलनीच दिला तिला." मी तिला ब्रेटच्या गॉगलचं काही सांगितलेलं नाही, देवाशप्पथ. नवरा म्हणाला तू रात्री यूट्यूबवर लावून बसतेस ते ती बघत असते दारातून.

गॉगल तिथेच आहे सध्या. पाचपैकी चार स्टार, एक बेल्टचा कापला. सेलरला वेगळे दोन, आणि तेही डिलिव्हरी आणणारा पोरगा चांगला होता म्हणून, चेपलेला खोका बघून त्यानेच आधी सॉरी म्हटलं. शॉनची फिगर कुणाकडे चांगल्या जॉइंटची असेल तर सांगा, दादाच्या वाढदिवसाला पाठवायचीय.